चौऱ्याहत्तर मिलिमीटर

रविवारी सकाळी पोवई नाक्याजवळच्या सलूनमध्ये गंगाधर खुर्चीत बसला होता. गळ्याभोवती पांढरं कापड, एका गालावर साबण, दुसरा गाल नुकताच साफ झालेला. तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. दाढी चालू असताना फोन बघू नये एवढी अक्कल सदुसष्टाव्या वर्षी माणसाला असायला हरकत नाही. पण मयूरीचं नाव दिसलं की त्याला धीर निघत नसे. लेक पुण्यात मोठ्या संस्थेत पावसाचा अभ्यास करते, या गोष्टीचं त्याला इतकं अप्रूप होतं की सलूनवाल्यालाही तिच्या पदाचं नाव पाठ झालं होतं. त्यानं कापडाखालून हात काढून फोन वर धरला. नकाशा होता. पश्चिम महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर ठिपके, बहुतेक सगळे तपकिरी, म्हणजे कोरडे. सांगलीच्या पार पूर्वेला, जतच्याही पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला चिकटून एकच ठिपका निळा होता. खाली लिहिलं होतं: बोरहळ्ळी, ऑगस्ट १९८७, ७४ मिमी. आणि त्याखाली मयूरीचं, ‘‘ओळखा बाबा, कुणाचं गाव! दुपारी येते, सगळं सांगते.’’ गंगाधरची मान आपोआप मागे गेली. ‘‘काका, हलू नका की,’’ सलूनवाला म्हणाला, पण वस्तरा हनुवटीखाली लागायचा तो लागलाच. त्यानं तुरटी फिरवली. झोंबली. ‘‘काय झालं? वाईट बातमी हाय का?’’ ‘‘नाही, नाही,’’ गंगाधर म्हणाला, ‘‘चांगलीच आहे. लेकीचं काम झालंय.’’

बाहेर फेब्रुवारीचं ऊन होतं. त्याला रिक्षा करायची नव्हती. निवृत्तीनंतर घेतलेल्या शाहूपुरीतल्या घरापर्यंत चालत जायला पाऊण तास लागतो आणि त्याला तो पाऊण तास हवा होता. सदतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तो आकडा त्याला कधी एकदम, दचकवून आठवला नव्हता. तो आठवायचा तो आपण होऊन, पायात रुतलेला काटा जसा अधूनमधून आपली जागा दाखवतो तसा, आणि मग महिनामहिना गप्प राहायचा. आज पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्यानं तो त्याच्यासमोर धरला होता, तोही कौतुकानं, निळ्या रंगात. चौऱ्याहत्तर. त्यानं मनातल्या मनात बेरीज करून पाहिली. बरोबर होती. बेरजेत तो कधी चुकला नव्हता.

बोरहळ्ळीला त्याची बदली झाली तेव्हा तो पंचविशीत होता. पाटबंधारे खात्यात त्या गावाला शिक्षेची जागा म्हणत. गावाबाहेर एक पाझर तलाव, त्याच्या बांधावर दोन खोल्यांचं कोठार, त्यातलीच एक खोली त्याला राहायला, आणि कोठारासमोर तारेच्या कुंपणात, चौथऱ्यावर उभं केलेलं पाऊस मोजायचं भांडं. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठ वाजता बाटली काढायची, काचेच्या मोजनळीत पाणी ओतायचं, आकडा नोंदवहीत लिहायचा, सही करायची. एवढंच काम, आणि तलावाची पातळी बघायची, जी बहुतेक वेळा बघण्यासारखी नसे. माणसं अशा जागी दोन वर्षं काढून ओळखीपाळखीनं निसटतात. गंगाधरला ओळखी काढता येत नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर त्याला ते भांडं आवडलं होतं. सांगलीत त्याचं घर गावभागात. तिथं पाऊस म्हणजे कृष्णेचं पाणी कुठवर आलं एवढीच चर्चा. इथं पाऊस म्हणजे दशांश चिन्हानंतरचा आकडा. तो तिथं एकोणीस वर्षं राहिला. बायको, गोदावरी, सांगलीलाच असायची, तो सुट्टीला यायचा, आणि पावसाळ्यात तर यायचाच नाही. घरात ही गोष्ट हळूहळू कौतुकाची झाली. ‘‘आमच्या ह्यांनी एकोणीस पावसाळ्यांत एक दिवस चुकवला नाही,’’ असं गोदावरी पाहुण्यांना सांगायची, आणि त्या सांगण्यात बायकोची जुनी तक्रारही बेमालूम मिसळलेली असायची. मयूरी हेच ऐकत वाढली. शाळेत निबंध लिहायची वेळ आली तेव्हा बाकीच्या मुलींनी फौजी काका आणि डॉक्टर मामा लिहिले, तिनं लिहिलं, माझे बाबा पाऊस मोजतात.

म्हणून ती या विषयाकडे वळली असं ती सगळ्यांना सांगते. गेली काही वर्षं ती फोनवर त्याला आपलं काम समजावून सांगत आली होती, आणि तो अंगणात खुर्ची टाकून, डोळे मिटून ऐकायचा. पार पलीकडे, पेरू देशाच्या किनाऱ्याला समुद्र तापतो. दर दोन ते सात वर्षांनी केव्हातरी. तिथल्या वाळवंटात पूर येतात, आणि इकडे ऑस्ट्रेलियात, इंडोनेशियात, आपल्याकडे वारे मंदावतात आणि पाऊस हात आखडता घेतो. त्याला एल निनो म्हणायचं. कधीकधी आपला हिंदी महासागर आफ्रिकेच्या बाजूला तापतो आणि आपल्याला सावरून घेतो. सत्त्याण्णव साली तसंच झालं, पेरूकडे एवढा मोठा एल निनो आणि आपल्याकडे पाऊस जवळजवळ नेहमीसारखा. आणि या सगळ्याच्या खाली, मयूरी म्हणायची, आणखी एक संथ हालचाल असते. साठ-पासष्ट वर्षांचा एक फेरा. तीसएक वर्षं पाऊस उदार, तीसएक वर्षं चिकट. अटलांटिकचं पाणी, पॅसिफिकचं पाणी, दोन्ही आपापल्या संथ लयीत गरम-थंड होत असतात, आणि त्या लयीवर आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात वीस-वीस वर्षं दुष्काळ ठाण मांडून बसतो. हे कळतं कसं? तर झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून, गुहांत ठिबकून वाढलेल्या चुनखडीच्या खांबांवरून, आणि बाबा, तुमच्यासारख्यांच्या नोंदवह्यांवरून. गंगाधरला साठ वर्षांच्या फेऱ्याचा विचार करताना नेहमी वाटायचं, म्हणजे माणसाला जन्मात एक चढ आणि एक उतार मिळतो. तेवढ्यावर तो ‘आमच्या वेळी पाऊस असा नव्हता’ म्हणायला मोकळा. झाडाला निदान मरेपर्यंत वर्तुळं साठवता येतात, आणि झाड त्यात आपल्या पदरचं काही घालत नाही.

राजवाड्याकडे जाणारी बस धूर सोडत गेली. तो रस्त्याच्या कडेला थांबला. सत्त्याऐंशीचा ऑगस्ट. त्या साली जून फसवून गेला, जुलैत चार शिंतोडे आले आणि मग आभाळ कोरडंठाक. नोंदवहीत तारखेपुढे तारीख, आणि प्रत्येकीपुढे ०.०. शून्य, टिंब, शून्य, सही. सुरुवातीला त्याला वाईट वाटायचं, मग कंटाळा आला, मग एक वेगळीच भीती वाटायला लागली. सांगलीला गोदावरीचे दिवस भरत आले होते. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब चढलाय म्हणून झोपून राहायला सांगितलं होतं. आठवड्यातून एकदा पत्र यायचं आणि त्या पत्रात काळजी करू नका असं इतक्या वेळा लिहिलेलं असायचं की काळजीच वाटायची. सकाळी साडेआठला रिकामी बाटली हातात धरून तो उभा राहायचा आणि त्याला ते पत्र आठवायचं. पाण्याचा आणि बाळाचा काय संबंध? काहीच नाही. तो बी.एस्सी. झालेला माणूस होता.

तलावाच्या खाली साळूबाईचं खोपट होतं. पन्नाशीची, विधवा, एक गाय, दोन खोंडं, पाचसहा मेंढ्या. तिचं मराठी निम्मं कानडी होतं आणि तिचा स्वभाव हुकूम सोडण्याचा होता. ती त्याला भाऊसाब म्हणायची आणि रोज एक गडवा ताक पाठवायची, नाहीतर स्वतः आणून द्यायची. पहिल्यांदा त्यानं गडवा धुऊन रिकामा परत केला तेव्हा ती त्याच्यावर उखडली होती. ‘‘शेजाऱ्याचं भांडं मोकळं देत्यात व्हय? शिकल्याली माणसं तुमी! चिमूटभर साखर घाला, दोन शेंगा घाला, काय बी घाला.’’ तेव्हापासून तो गडव्यात चिमूटभर साखर घालून परत द्यायचा. हे त्याच्या आईनंही आयुष्यभर केलं होतं, पण पुरुषमाणसानं ते बघितलेलं असतं, केलेलं नसतं.

तेरा ऑगस्टला बाटलीत पाणी होतं. चार पूर्णांक दोन. रात्रभर चांदणं होतं, गावात एक थेंब नव्हता, कुंपणाजवळची माती कोरडी होती. त्यानं मोजनळी उजेडाकडे धरून तीनदा पाहिली आणि शेवटी ४.२ लिहिलं, कारण त्याला शिकवलेलंच तसं होतं: आभाळाकडे बघून लिहायचं नाही, भांड्यात सापडेल ते लिहायचं. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. एकदा लिहिलं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच उठून खिडकीशी बसला, तर साळूबाई आली, तारेतून हात घातला, आणि फुलपात्रातलं अर्धं पाणी अगदी हळू, धार न सांडता, नरसाळ्यात ओतलं. भांड्याला हात जोडले आणि वळली. तो धावत बाहेर आला. ‘‘साळूबाई! हे काय करताय?’’ ती जराही दचकली नाही. ‘‘महिना झाला बगतीय की मी,’’ ती म्हणाली, ‘‘भांडं आ करून हुबं हाय. वरच्यानं मोकळं ठिवलं म्हून आपुन बी ठिवायचं? आवं, घरात बाई दोन जिवाची हाय तुमच्या. दारात मोकळं भांडं बरं न्हवं, भाऊसाब.’’ आणि मग, जणू त्याचीच समजूत काढायची म्हणून, ‘‘जास्त न्हाई घालत. घोटभरच घालते. तेवढं तर मी चूळ भरून थुकते.’’ हे खोटं होतं. त्या दिवसांत प्यायचं पाणी ती अडीच कोसांवरच्या विहिरीवरून डोक्यावर आणत होती आणि तिला चूळ भरून थुंकताना कुणी पाहिलं नसेल.

आता त्यानं काय करायला हवं होतं हे कुणालाही सांगता येईल. हसून ‘नका घालू’ म्हणायचं, कुंपणाला कुलूप लावायचं, शेऱ्याच्या रकान्यात खरं काय ते लिहायचं आणि वर कळवायचं. सरकारी उपकरणात हस्तक्षेप. मग तालुक्याहून कुणीतरी जीपमधून आलं असतं आणि साळूबाईला दरडावून गेलं असतं. तिला त्रास नको म्हणून आपण गप्प बसलो, असं त्यानं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. चालता चालता आज त्याला ते पटेना. त्यानं बाटली काढली, मोजली, ४.४ लिहिलं, आणि लिहिताना त्याला बरं वाटलं. खरं कारण तेवढंच होतं. चाळीस शून्यांनंतर लागोपाठ दुसरा आकडा लिहायला मिळाला आणि छातीवरचा दगड इंचभर सरकला. पंधरा तारखेला ४.१. सोळाला ४.५. भांड्यात सापडेल ते लिहायचं. नियम त्याच्या बाजूनं होता.

आणि बारा दिवसांनी साळूबाई तापानं पडली. पंचवीस तारखेला बाटली कोरडी निघायची होती. आठ वाजता त्याच्या हे ध्यानात आलं आणि त्याच्या अंगावर शहारा आला, खराखुरा, भर उन्हात. खोलीत माठ होता. त्यानं फुलपात्र अर्धं भरलं, चालत कुंपणाशी गेला, कडी काढली आणि नरसाळ्यात ओतलं. अर्धा तास चौथऱ्याशी बसून राहिला. साडेआठ वाजता बाटली काढून मोजनळीत ओतली, डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचला आकडा: ४.४. सही केली. लिहायचंच होतं तर पाणी न ओतताही लिहिता आलं असतं. ते मात्र त्याच्यानं झालं नसतं. खोटं लिहायचं नाही म्हणून त्यानं खोटा पाऊस पाडला, आणि मग तो प्रामाणिकपणे मोजला. असे पाच दिवस. गणपतीचे दिवस होते, गावातून आरतीचा आवाज यायचा. एकोणतीस तारखेला दुपारी जतच्या तार ऑफिसातून सांगलीची तार आली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. तो तार घेऊन आधी साळूबाईकडे गेला. ती वाकळेवर बसून पेज पीत होती. ‘‘बगा,’’ ती म्हणाली, ‘‘भांडं मोकळं ठिवलं न्हाई तर कसं!’’ तिला वाटलं, आपण पडलो तरी आधीचं पुरलं. त्यानं तिला पाच दिवसांचं सांगितलं नाही. त्यानंतर कुणीच पाणी घातलं नाही. तीस ऑगस्ट, ०.०.

इथवर असतं तर आज हनुवटी कापली नसती. बोळात शिरताना गंगाधरला ऑक्टोबर आठवला, आणि तो आठवू नये म्हणूनच आपण इतका वेळ साळूबाईचं फुलपात्र डोळ्यांपुढे नाचवत होतो हे त्याला कळून चुकलं. ऑक्टोबरमध्ये तालुक्याचे साहेब चारा छावणी कुठं उघडायची ते बघायला आले. देवळासमोर खुर्ची मांडली. सगळं गाव जमलं होतं. गंगाधर नोंदवही काखेत धरून साहेबांच्या मागे उभा होता. बाळासो म्हणून एक शेतकरी होता, तो हात जोडून म्हणाला, ‘‘सायेब, आमच्यात तर कुसळ बी उगवलं न्हाई. जनावरं हाडाला लागली. छावणी हितंच द्या.’’ साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं तक्ता काढला. ‘‘बघा, ऑगस्टमध्ये आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांवर पाच, सहा, आठ मिलिमीटर. तुमच्याकडं चौऱ्याहत्तर. जवळजवळ सरासरीइतका. मी वर काय सांगू?’’ लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात साळूबाई पुढे आली. ‘‘कुठं पडला पाऊस? कुणी बगितला? आवं भाऊसाब, तुमी रोज मोजताय. तुमी सांगा की सायबास्नी.’’ सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याला तिचा चेहरा अजून दिसतो, तापातून उठलेला, गालफडं वर आलेली, आणि पूर्ण विश्वास ठेवलेला. भाऊसाब शिकलेला आहे, भाऊसाब सांगेल. त्यानं ओठ ओले केले. ‘‘तशी नोंद आहे,’’ तो म्हणाला. छावणी अकरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावाला गेली. बोरहळ्ळीची जनावरं तिकडं चालत निघाली. साळूबाईची गाय वाटेत बसली ती उठली नाही.

तिला कळलं होतं का? आपणच ओतलेलं घोटघोट पाणी कागदावर पाऊस होऊन बसलं आणि त्यानं आपली गाय खाल्ली, हे तिच्या ध्यानात आलं असेल का? ती पुढे सात वर्षं जगली. गाय गेली, तशी ताक पाठवायची सोय राहिली नाही. पण शेंगा द्यायची, हुरडा द्यायची, मयूरीला सुट्टीत आणलं की मांडीवर घ्यायची. त्या दिवसाबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. त्या न बोलण्याचा अर्थ लावण्यात गंगाधरचं निम्मं आयुष्य गेलं होतं. प्रायश्चित्त म्हणा किंवा भीती म्हणा, त्यानंतरची सोळा वर्षं त्यानं असा काटेकोर पाऊस मोजला की तपासणीला आलेले लोक त्याची वही दुसऱ्यांना दाखवायचे. ०.० लिहायला आता तो भीत नसे. खरं तर ०.० लिहिलं की त्याला आपण माणसात आहोत असं वाटायचं.

मयूरी दीड वाजता आली. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली, बाबांच्या हनुवटीखालचा ओरखडा बघून हसली, आणि जेवणाची ताटं मांडायच्या आत लॅपटॉप उघडून बसली. ‘‘बाबा, ऐका. एल निनोच्या वर्षी आपला पश्चिमेचा भाग कोरडा जातो हे सगळ्यांना माहीत आहे. पण मला वाटत होतं की अगदी पूर्वेची एक अरुंद पट्टी आहे, तिला ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागराकडून थोडा पाऊस मिळत असावा. छोटा, पण रोज. सत्त्याऐंशी सालीसुद्धा, जेव्हा हिंदी महासागरानंही फारसा हात दिला नव्हता. त्या पट्टीत सलग नोंदी असलेली केंद्रं मोजून चार. तिघांचं चित्र धूसर. तुमचं लख्ख! सतरा दिवस, रोज चार-साडेचार मिलिमीटर. इतका शिस्तशीर पाऊस मी कधी बघितलेला नाही.’’ तिचे डोळे चमकत होते. ती तापात असली की लहानपणी असेच चमकायचे. ‘‘मंगळवारी पाठवायचाय पेपर. दोन वर्षं घातलीत मी यात. आणि शेवटी आभारात तुमचं नाव आहे. निरीक्षक म्हणून. एकोणीस पावसाळ्यांत एक दिवस न चुकवलेला निरीक्षक.’’ स्वयंपाकघराच्या दारात गोदावरी पदरानं हात पुसत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की गंगाधरला वाटलं, गप्प बसावं. एकदा बसलो होतोच. कोण विचारणार होतं? साळूबाई गेली, साहेब केव्हाच गेले असतील. पेपर छापून येईल, परदेशातली चार माणसं वाचतील, बोरहळ्ळीचा पाऊस पेरूच्या समुद्राशी जोडला जाईल आणि त्याच्या लेकीचं नाव होईल. आणि मग कुणीतरी त्या पट्टीवर भरवसा ठेवील. पुढच्या एल निनोला कुठला तरी साहेब तक्ता काढून म्हणेल, तुमच्याकडं ऑगस्टमध्ये पाऊस असतो, शास्त्रानं सिद्ध झालंय. पुन्हा सगळं गाव एकमेकांकडे बघेल. या वेळी विचारायला साळूबाई नसेल, आणि उत्तर मयूरीनं दिलेलं असेल.

‘‘मयूरी,’’ तो म्हणाला, ‘‘सत्त्याऐंशीचा ऑगस्ट काढून टाक.’’

‘‘का?’’ ती अजून हसत होती.

त्यानं सांगितलं. सगळं, क्रमानं, तारखांसकट. फुलपात्र, ताप, माठ, तार. देवळासमोरची खुर्ची सांगितली, गाय सांगितली. बारा दिवस साळूबाईचे, पाच आपले. सुरुवातीला मयूरी ‘काय हो बाबा’ म्हणून हसली, मग तिनं लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला, जणू त्यातलं काही त्याच्या नजरेला पडू नये. गोदावरी दारातच खाली बसली. ‘‘माझ्यासाठी?’’ ती एवढंच म्हणाली. ‘‘माझ्यासाठी ओतत होती ती बाई? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?’’ कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

मयूरी बोलली तेव्हा तिचा आवाज तिच्या ऑफिसातला होता. ‘‘पंचवीस ते एकोणतीस तुम्ही. त्याआधीचे बारा त्या.’’ ‘‘हो.’’ ‘‘बाकीचं?’’ ‘‘बाकीचं खरं आहे. एकूण एक दिवस.’’ तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. ‘‘बाबा, मला माहीत आहे की खरं आहे. पण हे मी कशावरून सांगू? निरीक्षक माझे वडील आहेत, आणि त्यांनी मला जेवायच्या टेबलावर सांगितलं, म्हणून? ज्या वहीत सतरा दिवस जाणूनबुजून खोटे लिहिलेत, तिच्यातल्या बाकीच्या साडेसहा हजार दिवसांचं मी काय करू?’’ गंगाधरला उत्तर माहीत होतं. इतका वेळ माहीत होतं. चालताना, बोळात, कुकरच्या शिट्टीत. त्याला वाटलं होतं की सतरा दिवस देऊन सुटका होईल. थंडीवाऱ्यातल्या, तापातल्या सकाळी, नोंद करून निघाल्यामुळं बापाच्या मर्तिकाला उशीर झाला ती सकाळ, मोजनळीच्या काचेशी डोळा लावून उभा राहिलेला तो, हे सगळं आता त्या सतरा दिवसांच्या मागोमाग जाणार होतं. खूप वाईट वाटलं त्याला. गायीबद्दल वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

‘‘सगळंच काढ,’’ तो म्हणाला.

‘‘मग माझी पट्टीच उरत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तीन केंद्रांवर काही सिद्ध होत नाही. पेपरच नाही.’’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं लहान मुलीसारखं मनगटानं पुसलं. ‘‘चालेल. म्हणजे चालणार नाहीच, पण दुसरं काय करणार.’’ मग तिनं काहीतरी टाइप केलं. पडद्यावर नकाशा आला, निळा ठिपका होता, आणि पुढच्या क्षणी तो नव्हता. त्या जागी थोडा वेळ काहीच नव्हतं. नंतर तिथं हळूहळू एक फिका तपकिरी रंग पसरला.

‘‘हे काय झालं?’’ गंगाधरनं विचारलं.

‘‘ज्या ठिकाणची नोंद नसते तिथं आजूबाजूच्या केंद्रांवरून अंदाज काढतो संगणक.’’ मयूरी पुढे वाकली. ऑगस्ट १९८७ वर तिनं बोट ठेवलं. ‘‘सहा पूर्णांक एक. सरासरीचा दहावा हिस्सासुद्धा नाही. बाबा, आता तिथं दुष्काळ दाखवतोय.’’

गंगाधर उठून तिच्या खुर्चीमागे गेला. चष्मा वर करून, डोळा आकड्याच्या पातळीला आणून, त्यानं तो वाचला.

‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्याकडं पाऊस पडला नव्हता.’’